फाल्गुनातली एक सकाळ, आगाखान पॅलेसच्या आवारात

पंचांगातला वसंत चैत्रात येतो. झाडांचा वसंत त्याच्या किती तरी आधी. महाशिवरात्र जवळ आली की पुण्याच्या रस्त्यांवर त्याची पहिली वर्दी मिळते. पानांचा मागमूस नसलेल्या काटेसावरीच्या फांद्यांवर जाड पाकळ्यांची लाल फुले उघडतात आणि दिवस वर येण्याआधीच तिथे साळुंक्या, कावळे आणि शिंजीर यांची झुंबड उडते. पांगारा त्याच सुमारास फुलतो. शहराबाहेर डोंगरउतारांवर पळसाची पाळी असते. आयुष्यभर कचेरीच्या घाईत याच झाडांखालून स्कूटर नेलेल्या माणसांना ही फुले दिसतात ती बहुधा निवृत्तीनंतर.

आपल्याकडचा वसंत परदेशी दिनदर्शिकांवरच्या चित्रांसारखा एकजात हिरवागार नसतो. पानगळ आणि पालवी एकाच आवारात, एकाच आठवड्यात चाललेली असते. एका झाडाखाली वाळक्या पानांचा घोटाभर खच, तर शेजारी पिंपळ तांबूस, तुकतुकीत पानांनी नखशिखान्त झळकत असतो. वावळ्याची चपटी, कागदासारखी फळे वाऱ्याबरोबर अंगणभर फिरतात. आंब्याच्या मोहोराचा वास येतो. कुठून तरी तांबट पक्ष्याची ठोक्याठोक्याची टुक्-टुक् चालू असते आणि कितीही मान उंचावली तरी तो दिसत मात्र नाही. कुसुंब कुणी पाहिला असेल तर त्याला वेगळे सांगायला नको; त्याची कोवळी पालवीच इतकी लाल असते की दुरून फुलोरा वाटावा.

आपल्या घरात सत्तरी-ऐंशी ओलांडलेले कोणी असेल, किंवा आपण स्वतःच त्या वयाचे असाल, तर हे पाच-सहा आठवडे घरात बसून घालवू नका, एवढेच सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे. पहाटेचा गारवा ओसरलेला असतो, दुपारचा वणवा अजून यायचा असतो, आणि पावसाळ्यातली शेवाळलेली वाट तर दूरच. वयस्कर माणसाला बाहेर नेण्यासाठी वर्षात याहून सोयीचा काळ क्वचितच मिळतो.

जायचे कुठे, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या गावापुरता सोडवावा. पुण्यापुरते माझे उत्तर नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस हे आहे. त्याची कारणे दोन. पहिले अगदी व्यवहारी: जुने घर, भोवती रुंद व्हरांडा, समोर हिरवळ, मोठी झाडे आणि सपाटीवरून चालण्याच्या वाटा हे सगळे एकाच आवारात आहे. सिंहगडाची चढण नको, शनिवारवाड्याच्या दरवाज्याचा उंच उंबरठा नको. दुसरे कारण मला तिथे गेल्यावर कळले, ते ओघात येईलच.

ही वास्तू सुलतान मुहंमदशहा, म्हणजे तिसरे आगाखान, यांनी १८९२ साली बांधली. दुष्काळाने गांजलेल्या भोवतालच्या गावांतील लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून हे बांधकाम काढले, असे सांगतात. उंच कमानी, उतरती छपरे आणि चारही बाजूंनी फिरणारा व्हरांडा यांमुळे ऐन दुपारीसुद्धा भिंतींजवळ गारवा राहतो. १९६९ साली चौथे आगाखान यांनी गांधीजींच्या स्मरणार्थ ती देशाला अर्पण केली आणि पुढे ती राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली आली. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झालेल्या गांधीजींना इथेच ठेवले होते. ६ मे १९४४ रोजी त्यांची सुटका झाली. राजवाडा म्हणावा असे हे घर, पण त्या पावणेदोन वर्षांत त्याच्याभोवती काटेरी तारांचे कुंपण होते.

आता थोडे घरचे. माझ्या सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. तीन महिन्यांत त्या काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागल्या. डॉक्टर समाधानी होते, फिजिओथेरपिस्ट समाधानी होते. पण उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायचे म्हटले की त्यांचे उत्तर ठरलेले असे: "आता बाहेर काय ठेवलंय माझं?" सासरे जाऊन चार वर्षे झाली आहेत. ते होते तेव्हा दोघे मिळून रोज संध्याकाळी चालायला जात. म्हणून त्या उत्तरात पडण्याची भीती किती आणि एकटेपणा किती, हे मला कधी नीट उमगले नाही. वैद्यकशास्त्र मात्र सांगते की पडण्याच्या भीतीने हालचाल थांबवली की स्नायू क्षीण होतात, तोल ढळतो आणि पुन्हा पडण्याचा धोका उलट वाढतो. हे मी त्यांना दहा वेळा ऐकवले असेल. ऐकवून कुणी बाहेर पडत नाही.

पहिला प्रयत्न फसला आणि त्याचा दोष सर्वस्वी माझा. जानेवारीच्या अखेरीस मी त्यांना शहरातल्या एका मोठ्या बागेत घेऊन गेले. निघायला उशीर झाला. पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. रक्तदाबासाठी त्या सकाळी लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी घेतात, हे मला पाठ असूनही मी हिशेबात धरले नाही. स्वच्छतागृह बागेच्या दुसऱ्या टोकाला होते. काठी टेकत तिथवर पोहोचणे त्यांना जमले नाही. परतीच्या वाटेवर रिक्षात त्या भिंतीकडे तोंड करावे तशा बाहेर पाहत बसल्या आणि घरी आल्यावर एवढेच म्हणाल्या, "मला आता कुठं नेऊ नकोस गं."

ज्यांनी घरातल्या वृद्धांची शुश्रूषा केली आहे, त्यांना हे वाक्य किती लागते ते ठाऊक असेल. तीन आठवडे मी विषय काढला नाही. या मधल्या काळात मात्र जी तयारी आधी करायला हवी होती ती केली, आणि तीच आपल्यापुढे ठेवते.

गोळीबद्दल डॉक्टरांना विचारले. त्यांनी बाहेर जाण्याच्या दिवशी ती परत आल्यावर घ्यायला सांगितले. कृपया लक्षात घ्यावे, हे त्यांच्या प्रकृतीपुरते उत्तर आहे. आपल्याकडे गोळीची वेळ बदलणे किंवा ती चुकवणे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. शोषक अंतर्वस्त्राचा विषय काढायला मला संकोच वाटत होता. तो मी काढला आणि त्यांनी न बोलता मान डोलावली. काठीच्या टोकाचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते, ते बदलून घेतले. बाजारात ते अगदी स्वस्तात मिळते आणि बहुतेक घरांत कुणी उलटे करून पाहतही नाही. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला नव्हे, तर विरुद्ध हातात धरायची असते, हेही फिजिओथेरपिस्टने पुन्हा एकदा घोटून घेतले. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. त्या हे पुटपुटत पायऱ्या चढतात.

मग एकदा मी एकटीच आगाखान पॅलेसला जाऊन आले. वाहन कुठे थांबते, तिथून पहिल्या बसण्याच्या जागेपर्यंत किती पावले, स्वच्छतागृह कोणत्या बाजूला, कुठल्या वाटेवर खडी आणि कुठे फरसबंदी हे पाहून ठेवले. ही आधीची फेरी कुणाला जादा वाटेल. मला ती आता सर्वांत महत्त्वाची वाटते. या दिवसांत एक गोष्ट विशेष पाहावी, ती म्हणजे वाळक्या पानांचा खच. त्याखाली झाडांची मुळे आणि खळगे दडलेले असतात. काठी नेमकी तिथेच घसरते. झाडलेल्या वाटेनेच न्यावे. चाकाची खुर्ची नेणार असाल तर घडीची, हलकी घ्यावी, आणि उतारावर ती नेहमी पाठमोरी उतरवावी, म्हणजे बसलेली व्यक्ती पुढे कलत नाही.

महाशिवरात्र होऊन गेल्यावर एका बुधवारी आम्ही निघालो. वार मुद्दाम मधला निवडला. रविवारी गर्दी असते. पॅलेस सकाळी नऊला उघडतो आणि आम्ही उघडल्याबरोबर आत होतो. वनाज ते रामवाडी या मेट्रोने कल्याणीनगर स्थानकापर्यंत यायचे आणि तिथून रिक्षा करायची, असा बेत होता. स्थानकात लिफ्ट असल्याने जिना चढावा लागला नाही. त्यांचा हा पहिलाच मेट्रोप्रवास. नदीवरून गाडी जाताना त्यांनी खिडकीला हात टेकवून खाली पाहिले आणि पाणी किती मळले आहे यावर सविस्तर मत दिले. मला हायसे वाटले. ज्या माणसाला तक्रार करावीशी वाटते, त्याचे मन अजून बाहेरच्या जगात आहे.

पहिला अर्धा तास आम्ही व्हरांड्याच्या सावलीत नुसत्या बसलो. समोर हिरवळीवर साळुंक्या उतरल्या होत्या. मी पाणी पुढे केले. तहान नाही म्हणाल्या. उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते, त्यामुळे तहान लागेल तेव्हा पाणी देऊ असे म्हणून चालत नाही. थोडे थोडे देत राहावे. (हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर अर्थात डॉक्टरांनी दिलेले प्रमाण पाळावे.) उठताना मिनिटभर पाय खाली सोडून बसायचे, मग उभे राहायचे, मग चालायचे. एकदम उठल्यावर रक्तदाब उतरून भोवळ येते आणि पुष्कळशी पडझड तिथेच होते.

आत दालनांतून छायाचित्रे आहेत, गांधीजींची खोली आहे, त्यांच्या वापरातल्या साध्यासुध्या वस्तू आहेत. सासूबाईंनी ते सर्व शाळेतल्या तपासनिसासारखे क्रमाने पाहिले. कस्तुरबांच्या छायाचित्रापाशी मात्र त्या थबकल्या आणि मला म्हणाल्या, "ह्यांचं वय काय होतं गं तेव्हा?"

चौऱ्याहत्तर. दोघांचेही. कस्तुरबा आणि गांधीजी एकाच वर्षी, १८६९ साली जन्मले. विवाहाला साठ वर्षे उलटून गेली होती. या घरात आल्यानंतर सहाच दिवसांत, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, गांधीजींना पुत्रासारखे असणारे त्यांचे सचिव महादेवभाई देसाई हृदयविकाराने अकस्मात गेले, आणि त्यांचे दहन याच आवारात झाले. त्यानंतर गांधीजी रोज त्या जागी फुले वाहायला जात. कस्तुरबांची प्रकृती पुढे हळूहळू ढासळत गेली. श्वासनलिकांचा दाह जुनाच होता, त्यात हृदय दुबळे झाले. तरी त्या दिवसांत त्या कॅरम खेळत, आणि गांधीजी त्यांना भूगोल आणि गुजराती शिकवत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तुरुंगात, नवरा बायकोला भूगोल शिकवतो आहे, हे चित्र सासूबाईंना फार आवडले. "ह्यांनी मला बँकेचं पासबुक भरायला शिकवलं तेव्हा मी साठीची होते," असे त्या म्हणाल्या. सासऱ्यांचा असा सहज उल्लेख त्यांच्या तोंडून मी बऱ्याच दिवसांनी ऐकला.

घराच्या मागच्या बाजूस, झाडांमधून जाणाऱ्या वाटेने, समाध्यांपर्यंत जाता येते. काठी घेतलेल्या माणसाला हे अंतर एका दमात जड जाते. आम्ही दोनदा थांबलो. तिथे महादेवभाई आणि कस्तुरबा यांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. कस्तुरबा गेल्या तो दिवस २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीचा. म्हणजे हाच काळ, हीच पानगळ. दुसऱ्या दिवशी दहन झाले आणि चिता शांत होईपर्यंत गांधीजी जवळच्या एका झाडाखाली बसून राहिले.

तिथल्या सावलीत बसून मी त्यांना त्या शेवटच्या आठवड्यांची हकिगत सांगितली, आणि हीच त्या वास्तूची दुसरी ओढ. शुश्रूषा करणाऱ्या कुणालाही ती आपली वाटेल. डॉ. सुशीला नय्यर आणि डॉ. गिल्डर आत होतेच, तेही बंदी म्हणून. सेवेसाठी मनू गांधींना दुसऱ्या तुरुंगातून इथे आणले होते. पुढे लाहोरच्या वैद्य शिव शर्मांना बोलावण्यात आले, पण त्यांना रात्री आवारात राहण्याची परवानगी नव्हती. रात्री-अपरात्री रुग्णाला गरज पडली तर जवळ असावे म्हणून ते फाटकाबाहेर मोटारीत झोपत. अखेरीस पेनिसिलिन आले. ते तेव्हा नवे आणि अत्यंत दुर्मीळ औषध होते. पुत्र देवदास यांनी ते खटपटीने मिळवले होते. ते दर काही तासांनी सुईने द्यावे लागणार, हे कळल्यावर गांधीजींनी शेवटच्या घडीला हा त्रास नको म्हटले. मुलगा आग्रह धरत होता. औषध दिले गेले नाही. त्याच संध्याकाळी पतीच्या मांडीवर कस्तुरबांनी प्राण सोडला.

गांधीजींचे बरोबर की देवदासचे, यावर अनेकांनी वाद घातला आहे. मला स्वतःला देवदासची बाजू समजते. हातात औषध असताना ते न देणे माझ्याच्याने झाले नसते. मी तसे बोलूनही दाखवले. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. काठीच्या टोकाने वाळकी पाने बाजूला सारत होत्या. मग म्हणाल्या, "पण तिला कुणी विचारलं होतं का?"

आणि मग, मी काही विचारण्याआधीच, त्यांनी स्वतःबद्दल सांगितले. सासरे शेवटचे अकरा दिवस अतिदक्षता विभागात होते. घशात नळी असल्याने बोलू शकत नव्हते आणि हात पलंगाला बांधलेले होते. ते त्यांनी काचेतून पाहिले होते. "माझं तसं करू नका. दुखलं तर दुखण्याचं औषध द्या. पण बांधू नका मला. आणि शेवटी घरी असू दे." चार वर्षे हे त्यांच्या मनात होते. घरात आम्ही तो विषय निघू दिला नव्हता. कुणी काढलाच तर "असं अभद्र बोलू नये, आई" म्हणून मीच तो बंद करत असे.

हे अशा लेखात कशाला, असे काहींना वाटेल. परंतु घराच्या चार भिंतींत, जेवणाच्या वेळा आणि गोळ्यांच्या डब्यांमध्ये, काही बोलणी होतच नाहीत. शेजारी शेजारी बसून, दोघींची नजर तिसऱ्याच कशावर तरी असताना ती होतात. घरी आल्यावर मी पती आणि नणंद यांना बसवून त्यांच्याच तोंडून सारे पुन्हा वदवून घेतले. आमच्या डॉक्टरांनाही भेटलो. ज्यांना हे कागदावर आणायचे असेल त्यांच्यासाठी सांगते: सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली आहे आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली आहे. दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यांकडून साक्षांकित करून घेता येते आणि आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा त्यांची नावे त्यात लिहिता येतात. डॉक्टरांशी सविस्तर बोलल्यावरच ते लिहावे. सासूबाईंचे लिहून झाले आहे. सहीसाठी त्यांनी ठेवणीतले पेन काढले होते.

त्या बुधवारी मात्र आम्ही यातले काहीच बोललो नाही. साडेदहा वाजले होते, ऊन हिरवळीवर सरकू लागले होते. फाल्गुनातले ऊन फसवे असते. वारा गार असतो म्हणून ते जाणवत नाही आणि दुपारी घरी आल्यावर डोके धरते. मी त्यांना उठवले. फाटकाकडे जाताना वाटेत काटेसावरीचे एक फूल पडलेले होते. ते उचलण्यासाठी त्या काठीसकट वाकू लागल्या आणि मी ओरडलेच. मग मी ते उचलून दिले. हातात घेतल्यावर ते अपेक्षेहून चांगलेच जड लागते. आपणही घेऊन पाहा.

त्यानंतर आमच्या तीन फेऱ्या झाल्या. एकदा एम्प्रेस गार्डनला गेलो. एकोणचाळीस एकरांची ती बाग ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या देखभालीखाली आहे, आणि पुण्याच्या ऐन वस्तीत एवढे जुने, उंच वृक्ष आणि त्यांवर चढलेल्या प्रचंड वेली फारशा कुठे पाहायला मिळत नाहीत. तिथे सावली अधिक आहे, पण चालणेही अधिक आहे. काठीऐवजी खुर्ची नेलेली बरी. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी फुलोऱ्याच्या दिवसांत फवाऱ्याचे औषध खिशात ठेवावे, मधुमेह्यांनी डब्यात काही खायला ठेवावे. एका फेरीत अर्ध्या वाटेवरून परतलो, कारण त्यांना बरे वाटत नव्हते. तेही चालते. तिकिटाचे पैसे वसूल करण्याचा हट्ट तेवढा धरू नये.

पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे नव्या वर्षाची दिनदर्शिका मागितली. बहावा कधी फुलतो, हे त्यांना हवे होते. एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत, मी सांगितले. पण तेव्हा ऊन फार असते, सकाळी सातलाच निघावे लागेल. त्यांनी एप्रिलच्या एका तारखेभोवती गोल काढला आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिले, गोळी नंतर.